मूळ कुणाचं खरं?

१९९३ च्या जानेवारीत अमेरिकेत 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' ही मालिका सुरू झाली आणि सुरुवातीलाच तक्रार आली, की ही मंडळी कुठे जातच नाहीत. तक्रार खोटी नव्हती. १९६६ च्या मूळ 'स्टार ट्रेक'मध्ये आणि १९८७ पासूनच्या 'द नेक्स्ट जनरेशन'मध्ये एक यान होतं. ते दर आठवड्याला नव्या जगात पोचायचं, तिथला गुंता सोडवायचं आणि पुढे निघायचं. नव्या मालिकेत यानाच्या जागी एक अंतराळस्थानक आलं, तेही परक्यांच्या ताब्यातून नुकत्याच सुटलेल्या बेजोर नावाच्या ग्रहाजवळ. तिथे दुकानं होती, देऊळ होतं, जुगाराचा अड्डा होता, आणि कालचे मालक नि कालचे गुलाम एकाच गल्लीत समोरासमोर येत होते. मालिका १९९९ मध्ये संपली. तिच्यावरचा वाद अजून चालू आहे. कुणी म्हणतं, त्या सगळ्या पसाऱ्यात हीच श्रेष्ठ. कुणी म्हणतं, हिला ते नाव लावायलाच नको होतं. गंमत अशी की दोन्हीकडचे लोक मूळ मालिकेवर सारखाच जीव टाकणारे आहेत, आणि पुरावा म्हणून दोघेही मूळ मालिकाच पुढे करतात.

गाजलेल्या मालिकेतून दुसरी मालिका फुटली, म्हणजे ज्याला सगळे स्पिन-ऑफ म्हणतात ते झालं, की चाहते का भांडतात याची दोन उत्तरं तयार असतात. पहिलं, नवी मालिका वाईट असते. दुसरं, जुन्या लोकांना नवं काही खपत नाही. दोन्ही सोयीची आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. माझं म्हणणं असं की लोकप्रिय मालिका प्रेक्षकाला एकाच वेळी चार-पाच गोष्टींचा शब्द देत असते, आणि ती चालू असते तोवर त्या गोष्टी सुट्या करून पाहायची वेळ कुणावर येत नाही. उपमालिका काढणाऱ्याला मात्र सगळं उचलता येत नाही. काही ठेवावं लागतं, काही टाकावं लागतं. त्या निवडीसरशी प्रेक्षकाला पहिल्यांदा कळतं की आपण इतकी वर्षं नेमकं काय पाहायला बसत होतो; आणि शेजारी बसलेला भलतंच काहीतरी पाहत होता हेही कळतं. भांडण नव्या मालिकेच्या नावानं होतं, निवाडा जुनीचा चाललेला असतो.

'डीप स्पेस नाइन'चा १९९८ मधला 'इन द पेल मूनलाइट' हा भाग घेऊ. डोमिनियन नावाच्या साम्राज्याशी युद्ध चालू आहे, पृथ्वीची बाजू हरते आहे, रोज मेलेल्यांच्या याद्या येताहेत. रोम्युलन हे तटस्थ राष्ट्र युद्धात उतरलं तर पारडं फिरेल. स्थानकाचा प्रमुख बेंजामिन सिस्को त्यासाठी खोटा पुरावा तयार करवून घेतो. पुरावा खोटा असल्याचं रोम्युलन सिनेटरच्या लक्षात येतं, आणि सिस्कोनं हाताशी धरलेला जुना हेर परस्पर त्या सिनेटरचं यान उडवून देतो. आळ शत्रूवर जातो, रोम्युलन युद्धात उतरतात, लाखोंचे प्राण वाचतात. सिस्को हे सगळं आपल्या खासगी नोंदीत, कॅमेऱ्याकडे बघत, हातात पेला घेऊन सांगतो. शेवटी तो ती नोंदच पुसून टाकायला सांगतो. आता 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडनबेरी यांचं भविष्यचित्र आठवा. माणूस भूक, पैसा आणि वर्णद्वेष यांच्या पलीकडे गेलेला आहे. 'नेक्स्ट जनरेशन'च्या लेखकांनी यानावरच्या सहकाऱ्यांत क्षुद्र हेवेदावे दाखवू नयेत, इथपर्यंत त्यांचा आग्रह होता. १९९१ च्या ऑक्टोबरात ते वारले, आणि नवी मालिका रिक बर्मन व मायकेल पिलर यांनी उभी केली. तेव्हा एक चाहता म्हणतो, म्हाताऱ्याचे डोळे मिटताच यांनी घर विकलं. दुसरा म्हणतो, आदर्श सुखात सांभाळणं सोपं असतं. तो जीवावर बेतल्यावर काय होतं हे दाखवलं, म्हणून तर मूळ स्वप्नाला वजन आलं.

यात कोण बरोबर, हे मूळ मालिका सांगू शकेल असं वाटतं. पण ती सांगत नाही. १९६८ च्या फेब्रुवारीत मूळ मालिकेचा 'अ प्रायव्हेट लिटल वॉर' हा भाग आला. एका मागास ग्रहावर शत्रूनं एका टोळीला बंदुका दिलेल्या आहेत, आणि कॅप्टन कर्क तोल राखायचा म्हणून दुसऱ्या टोळीलाही तशाच बंदुका देतो. व्हिएतनाम पेटलेलं होतं आणि भाग कशाबद्दल आहे हे कळायला कुणाला मल्लिनाथी लागली नाही. कर्कचा चेहरा शेवटी पडलेला आहे, पण बंदुका दिल्या जातात. म्हणजे स्वप्नही मूळ मालिकेतच होतं आणि त्याला गेलेला तडाही मूळ मालिकेतच होता. १९६८ च्या प्रेक्षकाला दोन्ही एकाच डब्यात मिळत होतं, निवडायची गरज नव्हती. 'डीप स्पेस नाइन'नं तडा उचलून मध्यभागी ठेवला आणि निवड अटळ केली.

मराठीत विज्ञानकथा छापील पानावरच जास्त रमली. छोट्या पडद्यावर तिचा असा गोतावळा कधी वाढला नाही. मराठी दूरचित्रवाणीवर या वादाच्या सर्वांत जवळ जाणारं प्रकरण भुताटकीचं आहे. झी मराठीवर २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' आली. कोकणातला नाईकांचा वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू, त्या निमित्तानं जमलेलं कुटुंब, आणि एकेक विपरीत घटना. या मालिकेनं निदान तीन शब्द दिले होते. घडतंय त्यामागे भूत आहे की माणूस, हा प्रश्न लोंबकळत ठेवण्याचा एक. मालवणी बोलणाऱ्या, एकमेकांना ओरबाडणाऱ्या घराचं चित्र हा दुसरा. आणि गेल्यावरही घर न सोडणाऱ्या अण्णांचा दरारा हा तिसरा. २०१९ मध्ये दुसरा भाग आला तो आधीच्या काळाचा, अण्णा हयात असतानाचा. शेवट ठाऊक असल्यामुळे पहिला शब्द तिथेच मोडला. ज्यांनी रहस्यासाठी मालिका पाहिली होती त्यांना हा भाग म्हणजे उत्तर पाठ असलेली परीक्षा वाटली. पण माधव अभ्यंकरांचा जिताजागता अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता यांनी दुसऱ्या कितीतरी प्रेक्षकांना असं धरून ठेवलं, की त्यांच्या लेखी 'रात्रीस खेळ चाले' म्हणजे हाच भाग. २०२१ च्या तिसऱ्या भागात अण्णा आणि शेवंता उघड उघड भुतं होऊन वाड्यात वावरू लागली. भूत की माणूस हा प्रश्नच निकाली निघाला. दराऱ्यावर प्रेम करणाऱ्यांची सोय झाली आणि प्रश्नावर प्रेम करणारे उठून गेले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: एवढं तत्त्वज्ञान कशाला, मालिका फसली असेल तर लोक नावं ठेवणारच. ठेवणारच, कबूल. पण दर्जा घसरला तर सगळेच मिळून नावं ठेवतात. त्यातून नापसंती होते, दुफळी होत नाही. दुफळीची खूण ही की तक्रारी उलट दिशांनी येतात. 'डीप स्पेस नाइन' मुळापासून फार लांब गेली अशी तक्रार होती. १९९५ मध्ये 'व्हॉयेजर' आली. तिच्यात पुन्हा यान, पुन्हा प्रवास, पुन्हा दर आठवड्याला नवं जग. तिच्याबद्दल तक्रार झाली की हे तर 'नेक्स्ट जनरेशन'चंच उष्टं. दोन्ही मालिका काही काळ एकाच वेळी चालू होत्या, निर्माते बरेचसे तेच होते, प्रेक्षकही तोच. वेगळं केलं तर द्रोह, तेच केलं तर नक्कल! नुसत्या दर्जानं हे कोडं सुटत नाही. 'तेच' म्हणजे काय यावर एकमत नसलं की मात्र असंच होणार.

दुसरा आक्षेप पिढीचा. जुन्यांना जुनं प्रिय असतं, बस्स. यात अर्धं सत्य आहे, आणि ते अर्धंच माझ्या म्हणण्याला बळ देतं. १९८७ मध्ये 'नेक्स्ट जनरेशन' आली तेव्हा मूळ मालिकेतले कर्क आणि स्पॉक नसलेलं 'स्टार ट्रेक' ही कल्पनाच अनेकांना अपमानास्पद वाटली होती. एका टकल्या, फ्रेंच नावाच्या, आधी बोलून बघणाऱ्या कप्तानाला लोक स्वीकारायला तयार नव्हते. सहा वर्षांनी 'डीप स्पेस नाइन'ला झोडपताना माप म्हणून हातात घेतली गेली ती हीच 'नेक्स्ट जनरेशन'. कालची फांदी आज खोड झाली होती. म्हणजे 'मूळ' ही काळात रोवलेली खूणगाठ नाही. जो ज्या दारानं आत आला, त्याला ते दार मूळ वाटतं.

हे समजून घ्यायला चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरच्या माणसाला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. पूर्वेला वर्धा नदी ओलांडून मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडे गेलं की पुरे. गडचांदूर स्वतः झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, नाही; तिच्या काठाशी आहे. इकडे चुनखडीचा दगड, सिमेंटचे कारखाने, कापसाची जमीन. राजुऱ्याचा हा पट्टा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातून आलेल्या राज्याचा भाग होता. तिकडे वैनगंगेचं खोरं, तळी आणि धान. काठावरून भांडण जरा नीट दिसतं, एवढाच त्याचा फायदा. झाडीपट्टीत धान निघाल्यावर दंडार व्हायची. गावातलेच गडी, मोकळी जागा, पुरुषांनीच केलेल्या बायकांच्या भूमिका, नाच, गाणी आणि तिथल्या तिथे सुचलेले संवाद. पुढे नाटक आलं. बंदिस्त शामियाना आला, तिकीट आलं, तीन अंकी संगीत नाटकाची जाहिरात आली, वडशाला कंपन्यांची कार्यालयं थाटली गेली. दिवाळीपासून होळीपर्यंतचा हंगाम. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जायचा तो पहाटेच खाली यायचा. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या कितीतरी लोकांना असलं काही अस्तित्वात असल्याचं पहिल्यांदा कळलं. (ती ओळखही तशी उशिराच झाली.)

आज या रंगभूमीबद्दलची तक्रार कुणाही जाणत्याच्या तोंडी ऐकू येते: नाटक उरलं नाही, अंकाअंकांत नाच घुसवतात, मुंबईहून आणलेल्या नटीचा फोटो सगळ्यांत मोठा आणि गावाकडच्या नटाचं नाव मुंगीएवढं. तक्रारीत तथ्य आहे. पण तक्रार करणाऱ्याचं मूळ कोणतं ते पाहा. त्याचं मूळ म्हणजे तीन अंकी संगीत नाटक, जे स्वतःच एकेकाळी दंडारीतून बाहेर पडलं होतं. आणि नाच? नाच तर दंडारीत होताच. आजच्या नाचाच्या बाजूनं एखाद्यानं हट्टानं वकिली करायची ठरवली, तर मूळ परंपरेकडे तुमच्यापेक्षा आम्हीच परत चाललो आहोत असं तो म्हणू शकेल, आणि त्याला गप्प करणं सोपं जाणार नाही. मला स्वतःला ती वकिली पटत नाही. दंडारीतला नाच गोष्टीच्या अंगानं यायचा, गावातल्याच पायांचा असायचा. आजचा नाच गोष्ट थांबवून येतो. पण हे म्हणताना मीही निवडच करतो आहे. दंडारीनं दिलेल्या चार शब्दांतला 'आपल्या माणसांनी आपली गोष्ट सांगणं' हा शब्द मी वर ठेवतो. दुसरा 'रात्रभर मोकळं हसणं-नाचणं' वर ठेवील. कर्कच्या बंदुका आणि रॉडनबेरींचं स्वप्न जसं एका डब्यात होतं, तसं दंडारीत हे दोन्ही होतं.

याच रंगभूमीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी घडली. अनेक गावांत नाटक हे शंकरपटाच्या निमित्तानं व्हायचं. दिवसा बैलांच्या शर्यती, पाहुण्यांनी भरलेली घरं, रात्री नाटक. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यतींवर बंदी आली. पट थांबले, नाटकं थांबली नाहीत. मंडई म्हणजे गावजत्रा आणि इतर निमित्तांनी ती होत राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा वाट मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठानं ती पक्की केली. मधल्या काळात ज्याच्या आधारानं नाटक व्हायचं ते मूळ निमित्तच नाहीसं होतं, आणि फांदी आपल्या जोरावर उभी होती. पटाचा भक्त पटाशिवायच्या हंगामाला हंगाम म्हणून मोजणार नाही, नाटकाच्या भक्ताला पटाची उणीव जाणवणार नाही. दोघेही हंगामाला आलेले, एकाच घरी जेवलेले.

तरीही झाडीपट्टीतला वाद आणि विज्ञानमालिकेचा वाद यांच्या तीव्रतेत फरक आहे, आणि तो का आहे हे महत्त्वाचं. एक कारण हुकमाचं. झाडीपट्टीत कंपनीला बोलावतं गावातलं मंडळ. प्रयोग रुचला नाही तर पुढच्या वर्षी त्या कंपनीला तारीख मिळत नाही. निवाडा तिथल्या तिथे आणि रोखीनं होतो. मालिकेच्या चाहत्याच्या हातात असं काही नसतं. त्याचं प्रेम आयुष्यभराचं असेल, पण नाव, पात्रं, जग सगळं कंपनीच्या मालकीचं. मालकी नाही म्हणून तो अर्थावर हक्क सांगतो: काय खरं धरायचं, काय धरायचं नाही. दुसरं कारण विज्ञानकथेच्या स्वभावातलं. तिचं जग नियमांनी बांधलेलं असतं, आणि नवी मालिका त्याच जगात घडते असं म्हणताच तिथलं प्रत्येक नवं सत्य मागे जाऊन जुन्या भागांनाही लागू होतं. यंदाची दंडार वाईट झाली म्हणून गेल्या वर्षीची नासत नाही. पण 'डीप स्पेस नाइन'नं १९९८ मध्येच 'सेक्शन ३१' नावाची गुप्त संघटना दाखवली, जी आदर्श राज्याच्या पोटात पहिल्यापासून घाणेरडी कामं करत आली आहे. हे मान्य केलं की १९६६ च्या कर्कचं राज्यही त्याच संघटनेच्या जिवावर उभं होतं, असं ठरतं. कुणाच्या लहानपणीच्या आठवणीत असा मागाहून फेरफार झाला तर तो चवताळणारच. याला बालिशपणा म्हणून हसणं मला जमत नाही. इतिहासाच्या पुस्तकावरून भांडणारी मोठी माणसंही हेच करत असतात.

एक आक्षेप अजून उरतो आणि तो टाळण्यासारखा नाही. चाहत्यांच्या भांडणात निव्वळ पूर्वग्रहही असतो. २०१७ मध्ये 'स्टार ट्रेक : डिस्कव्हरी' आली, तिची नायिका सोनेक्वा मार्टिन-ग्रीन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीनं साकारली, आणि विरोधकांपैकी काहींना नेमकं तेच सललं. प्रत्येक विरोधाला 'मूळ वचनावरची निष्ठा' असं गोंडस नाव द्यायचं का? नाही. पण इथेच माझी कसोटी कामाला येते. विरोधकानं दाखवून द्यावं, की मुळानं दिलेला कोणता शब्द इथे मोडला. 'डिस्कव्हरी'चे सुरुवातीचे हंगाम एकसंध गोष्टीच्या मागे इतके धावले की सुट्या भागांतली नवलाई हरवली, असं कुणी म्हणालं तर त्याला मुळात आधार आहे. वेगवेगळ्या वर्णांची माणसं उगाच घुसवली असं कुणी म्हणालं, तर त्याला १९६६ चाच नियंत्रणकक्ष दाखवावा. तिथे निशेल निकोल्सची उहुरा आणि जॉर्ज टाकेईचा सुलू पहिल्या वर्षापासून बसलेले आहेत. हा तक्रारदार मुळाच्या बाजूनं बोलत नाही, त्यानं मूळ पाहिलेलंच नाही.

पण ही कसोटी लावायला मूळ हाताशी लागतं. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांकडे ते आहे. पहिल्या मालिकेचे ७९ भाग कुणीही लावून पाहू शकतो, कर्कनं बंदुका दिल्या की नाही हे तपासू शकतो, आणि खोटं बोलणाऱ्याला उघडं पाडू शकतो. झाडीपट्टीत तशी सोय फार थोडी आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दंडारीवर आणि झाडीबोलीवर काम केलं म्हणून निदान काही गोष्टी कागदावर आल्या. बाकी दंडार तोंडी राहिली. नाटकांच्या वह्या दिग्दर्शकाच्या ट्रंकेत राहिल्या आणि वाळवीला गेल्या. अशा ठिकाणी 'पूर्वी असं नव्हतं' म्हणणाऱ्याला कुणी अडवू शकत नाही आणि कुणी दुजोराही देऊ शकत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचं मूळ खरं ठरतं. तेव्हा पुढच्या हंगामात नाटक ठरवायला बसणाऱ्या मंडळांना एवढंच सांगणं आहे: कंपनीशी करार करताना संहितेची एक प्रत आणि प्रयोगाचं पूर्ण चित्रण गावाच्या वाचनालयासाठी मागून घ्या, आणि गावात दंडारीत नाचलेले म्हातारे आहेत तोवर त्यांच्याकडून गाणी लिहून घ्या. नाटकावरून भांडायचं तर खुशाल भांडा, पण वही समोर ठेवून.